व्हीडीआर जनुक आणि फुप्फुसाचा कर्करोग : अहवालातल्या एका ओळीचा अर्थ

लाळेचा नमुना कुरियरने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी जाडजूड जनुक अहवाल घरी यायचा, हे आता शहरांत आणि परदेशातल्या मराठी घरांत नवीन राहिलेलं नाही. या अहवालांत बरेचदा ‘व्हीडीआर टॅक-वन’, ‘व्हीडीआर बीएसएम-वन’, ‘व्हीडीआर फॉक-वन’ अशा ओळी असतात आणि त्यांच्यासमोर लाल किंवा पिवळा ठिपका असतो. घरात कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झालेला असेल, तर माणूस ती ओळ घेऊन इंटरनेटवर शोधायला बसतो. एक शोधनिबंध सांगतो, जनुकातल्या या छोट्या फरकाने, म्हणजे रूपभेदाने, धोका वाढतो. दुसरा सांगतो, कमी होतो. तिसरा सांगतो, काही संबंध नाही. तिन्ही निबंध प्रामाणिकपणे लिहिलेले असू शकतात. ते एकमेकांच्या विरुद्ध का जातात हे कळलं, तर त्या लाल ठिपक्याची भीती किती धरायची तेही कळतं.

व्हीडीआर हे ड जीवनसत्त्वाशी जोडलेलं जनुक आहे. म्हणून सुरुवात जनुकापासून नको, ड जीवनसत्त्वापासून करू. उन्हातले अतिनील ‘बी’ किरण, म्हणजे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, कातडीत शिरतात आणि तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून डी-३ तयार होतं. हे अजून कच्चं असतं. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो आणि २५-हायड्रॉक्सी डी बनतं. रक्ततपासणीत मोजतात ते हेच. मग मूत्रपिंडात दुसरा गट जोडला जातो आणि १,२५-डायहायड्रॉक्सी डी हे खरं काम करणारं रूप बनतं. त्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. हे दुसरं काम फक्त मूत्रपिंडच करतं असं पूर्वी समजत. पण फुप्फुसातल्या श्वासनलिकांच्या अस्तरपेशींकडेही ते करणारं एन्झाइम असतं. म्हणजे फुप्फुस स्वतःपुरतं ड जीवनसत्त्व जागं करून घेऊ शकतं. या विषयात रस निर्माण झाला तो मुख्यतः इथून.

कॅल्सिट्रायॉल एकटं काही करू शकत नाही. ते किल्ली आहे आणि त्याला कुलूप लागतं. ते कुलूप म्हणजे व्हिटॅमिन डी रिसेप्टर, संक्षेपात व्हीडीआर. या प्रथिनात ४२७ अमिनो आम्लं असतात आणि त्याचं जनुक बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. माणसातलं हे जनुक १९८८ साली पहिल्यांदा वेगळं काढून वाचलं गेलं. कॅल्सिट्रायॉल येऊन बसलं की व्हीडीआर आपला आकार बदलतो आणि आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला धरतो. हा जोडीदार अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या आम्लाला ओळखणारा आहे, हे लक्षात ठेवा, पुढे अ जीवनसत्त्व पुन्हा येणार आहे. मग ही जोडी डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसते. ती जागा सहा अक्षरं, मधे तीन अक्षरांची फट आणि पुन्हा सहा अक्षरं अशी असते. जोडी बसली की आजूबाजूची जनुकं चालू किंवा बंद होतात. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं पी-२१ हे अशांपैकी एक. जंतूंना मारणारं कॅथेलिसिडिन हे दुसरं. शिवाय व्हीडीआर एक तिसरं जनुकही चालू करतो, सीवायपी-२४-ए-१, ज्याचं काम कॅल्सिट्रायॉल मोडून टाकणं. म्हणजे यंत्रणा स्वतःचा ब्रेक स्वतःच दाबते. फुप्फुसाच्या बऱ्याच गाठींमध्ये हा ब्रेक गच्च दाबलेला सापडतो. गाठीच्या पेशी ड जीवनसत्त्वाचा संदेश पोहोचण्याआधीच तो मोडून टाकतात.

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कर्करोगपेशींवर कॅल्सिट्रायॉल टाकलं, की त्यांची वाढ मंदावते हे अनेकदा दिसलं आहे. त्यामुळे प्रश्न साहजिक होता : ज्यांचं कुलूप जन्मतःच थोडं वेगळं घडलेलं आहे, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो का?

रूपभेद म्हणजे बिघाड नव्हे

इथे एक फरक पक्का करून घेऊ. व्हीडीआर जनुकात खरा बिघाड झाला तर काय होतं हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळालेल्या मुलाला लहानपणीच गंभीर मुडदूस होतो, बरेचदा डोक्यावरचे आणि अंगावरचे केस गळतात, आणि ड जीवनसत्त्व नेहमीच्या मात्रेत देऊन उपयोग होत नाही. हा आजार फार दुर्मीळ आहे. अहवालात येतात त्या टॅक-वन, फॉक-वन या गोष्टी अशा नव्हेत. ते लोकसंख्येत सर्रास आढळणारे, एका अक्षराचे फरक आहेत. तुमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांकडे त्यांतला एखादा तरी नक्की असेल, आणि त्यांची हाडं, केस, फुप्फुसं धड असतील.

नावं विचित्र वाटतात, कारण ती जनुकाची नाहीतच. ती जिवाणूंच्या ‘कात्र्यां’ची आहेत. डीएनए ठरावीक अक्षरांपाशी कापणारी एन्झाइम्स जिवाणूंमध्ये असतात. टॅक-वन हे उष्ण झऱ्यात राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं, फॉक-वन फ्लॅव्होबॅक्टेरियम ओकीनोकॉइटिसचं. स्वस्तात अक्षर वाचण्याची सोय नव्हती, तेव्हा कात्री चालते की नाही यावरून तिथलं अक्षर ओळखत. कात्री चालली तर छोटं अक्षर लिहायचं (स्मॉल टी), नाही चालली तर मोठं (कॅपिटल टी). म्हणून स्मॉल म्हणजे ‘कमकुवत’ आणि कॅपिटल म्हणजे ‘बळकट’ असा अर्थ काढू नये.

चार-पाच रूपभेदांपैकी फॉक-वन मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण एकट्या याच्यामुळे प्रथिनाची लांबी बदलते. तो जवळून पाहू. प्रथिन कुठून बांधायला घ्यायचं हे ‘एटीजी’ या तीन अक्षरांवरून पेशीला कळतं. व्हीडीआरच्या जनुकात अशा दोन एटीजी जवळजवळ आहेत : पहिली, मग दोन अमिनो आम्लांची अक्षरं, मग दुसरी. काही लोकांमध्ये पहिल्या एटीजीतल्या टी-च्या जागी सी असतो. ‘एसीजी’ला पेशी सुरुवात मानत नाही. ती पुढे सरकते, दुसऱ्या एटीजीपासून बांधकाम सुरू करते आणि तीन अमिनो आम्लं कमी असलेलं, ४२४ चं प्रथिन तयार होतं. फॉक-वन कात्री ‘जीजीएटीजी’ शोधते. टी असला की ती सापडते आणि कात्री कापते, सी असला की नाही. म्हणून लांब प्रथिन स्मॉल एफ आणि आखूड प्रथिन कॅपिटल एफ. गंमत अशी की प्रयोगशाळेत आखूड प्रथिनच जनुकं चालू करण्यात थोडं अधिक तरबेज ठरतं.

बाकीच्यांची गोष्ट इतकी सरळ नाही. टॅक-वन जनुकाच्या शेवटच्या भागात आहे आणि त्याने प्रथिनात काहीच बदलत नाही. ३५२ व्या जागी आयसोल्युसिन असतं, अक्षर बदलूनही आयसोल्युसिनच राहतं. बीएसएम-वन आणि एपीए-वन हे तर इंट्रॉनमध्ये आहेत, म्हणजे प्रथिन बांधण्याआधी कापून टाकल्या जाणाऱ्या पट्ट्यात. मग त्यांचा कर्करोगाशी संबंध जोडायचा कसा? उत्तर असं दिलं जातं की हे तिघे जनुकावर इतके जवळ आहेत की पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच वारसाने जातात, आणि त्यांच्याच शेजारी, जनुकाच्या शेपटीकडे, प्रथिनाचं प्रमाण ठरवणारा एखादा खरा फरक असू शकतो. टॅक-वन म्हणजे त्या फरकाच्या दाराबाहेरची पाटी. पाटी वाचून घरात कोण राहतं याचा अंदाज करायचा, असा हा प्रकार आहे. आणि एका समाजात पाटी जे सांगते, तेच दुसऱ्या समाजात सांगेल याची हमी नाही. सीडीएक्स-टू नावाचा आणखी एक रूपभेद जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात आहे. त्याचा परिणाम मुख्यतः आतड्यात दिसतो.

नळीत आणि जेलवर काय चुकतं

जुन्या निबंधांतले निष्कर्ष वाचताना ते कसे मिळवले हे पाहायलाच हवं, कारण गडबड बरेचदा तिथेच होते. पद्धत अशी : रक्तातून डीएनए काढायचा, पीसीआरने व्हीडीआरच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती करायच्या, त्यात कात्री टाकून ठरावीक तापमानाला ठेवायचं आणि मग अ‍ॅगरोज जेलवर वीज सोडून तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे.

टॅक-वनसाठी ७४० अक्षरांचा तुकडा वाढवतात. या तुकड्यात कात्रीची दोन ठिकाणं आहेत. एक सगळ्यांमध्ये असतंच, दुसरं फक्त स्मॉल टी असणाऱ्यांमध्ये. त्यामुळे कॅपिटल टीच्या दोन प्रती असतील तर ४९५ आणि २४५ असे दोन पट्टे दिसतात. स्मॉल टीच्या दोन प्रती असतील तर ४९५ चाही तुकडा पडून २९०, २४५ आणि २०५ असे तीन. एकेक प्रत असेल तर चारही. इथे ७४० चा पट्टा दिसला, तर समजायचं की कात्री नीट चाललेलीच नाही, कारण एक ठिकाण तर सगळ्यांतच आहे. चाचणीत ही एक फुकटची राखण आहे. टॅक-वनला ६५ अंश सेल्सिअस लागतं. बाकीच्या बऱ्याच कात्र्यांसारखं ३७ अंशांवर ठेवलं तर काम अर्धवट राहतं.

एपीए-वनला अशी राखण नाही. तिथेही हाच ७४० चा तुकडा घेतात. ठिकाण असलं तर ५३० आणि २१०, नसलं तर अखंड ७४०. आता अखंड पट्टा दिसला, तर ती व्यक्ती खरंच कॅपिटल ए आहे, की कात्री जुनी झाली होती, की डीएनएत मीठ किंवा अल्कोहोल राहून गेलं होतं? जेलकडे पाहून सांगता येत नाही. ज्यांनी दरवेळी माहीत असलेला, कापला जाणारा नमुना सोबत चालवला, त्यांचे आकडे विश्वासाचे. फॉक-वनमध्ये दुसरी अडचण येते. २६५ चा तुकडा १९६ आणि ६९ मध्ये कापला जातो, पण ६९ चा पट्टा पातळ जेलवर इतका फिका दिसतो की नवखा माणूस तो शोधत बसतो. पाहायचं असतं ते २६५ राहिलाय का आणि १९६ आलाय का. हे सगळं टाळण्यासाठी किमान दहा टक्के नमुने, कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे न सांगता, पुन्हा तपासायची पद्धत आहे. निबंधात याचा उल्लेख नसेल, तर मी तो निबंध बाजूला ठेवतो.

चूक झाली आहे का, हे पाहायची एक सोपी गणिती कसोटी आहे. निरोगी गटात स्मॉल टी ४० टक्के असेल, तर वारशाच्या साध्या हिशोबाने स्मॉल टीच्या दोन प्रती असणारे १६ टक्के, एकेक असणारे ४८ टक्के आणि कॅपिटल टीच्या दोन प्रती असणारे ३६ टक्के मिळायला हवेत. याला हार्डी-वाइनबर्ग समतोल म्हणतात. निरोगी लोकांतच हे प्रमाण साफ बिघडलेलं असेल, तर बहुधा कात्री चुकलेली असते किंवा लोक चुकीचे निवडलेले असतात.

शंभर रुग्ण पुरत नाहीत

समजा १०० रुग्ण आणि १०० निरोगी माणसं तपासली. रुग्णांत दोन्ही प्रती स्मॉल टी असणारे २० निघाले, निरोगी गटात १२. शक्यता-गुणोत्तर काढायचं : २० भागिले ८०, त्याला १२ भागिले ८८ ने भागायचं. उत्तर येतं १.८३. ‘या रूपभेदाने धोका ८३ टक्क्यांनी वाढतो’ अशी बातमी इथेच जन्म घेते. पण त्याच आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास-अंतर काढलं तर ते ०.८४ ते ४.० येतं. म्हणजे खरं उत्तर ‘धोका थोडा कमी’ यापासून ‘धोका चौपट’ इथपर्यंत काहीही असू शकतं. हेच प्रमाण १००० आणि १००० माणसांत मिळालं असतं, तर अंतर १.४३ ते २.३४ एवढं आवळलं असतं आणि मग गंभीरपणे विचार करता आला असता. प्रत्यक्षात अशा सामान्य रूपभेदांचा परिणाम, असलाच, तर १.१ किंवा १.२ च्या आसपासचा असतो. १.२ पकडायला, रूपभेद ४० टक्के असेल तरीही, साधारण हजार रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक लागतात. व्हीडीआर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरच्या बऱ्याच अभ्यासांत एवढे रुग्ण नव्हते.

मग दुसरी अडचण : कोणाशी कोणाची तुलना? टॅक-वनचा स्मॉल टी युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ४० टक्के आहे आणि चीन-जपानकडे १० टक्क्यांच्याही आत. आता मुंबईचं उदाहरण घ्या. इथल्या कर्करुग्णालयांत देशभरातून रुग्ण येतात. ईशान्य भारतात, विशेषतः मिझोराममध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण देशात फार वरचं आहे, आणि तिथल्या समाजांची वंशावळ पूर्व आशियाशी जवळची आहे. समजा एखाद्याने रुग्ण वॉर्डातून घेतले, त्यांत ईशान्येकडचे बरेच होते, आणि निरोगी माणसं मुंबईच्या रक्तपेढीतून घेतली. रुग्णांत स्मॉल टी कमी निघेल आणि निष्कर्ष येईल की स्मॉल टी कर्करोगापासून वाचवतो. प्रत्यक्षात मोजला गेला तो प्रदेशांमधला फरक. ही चूक एकटी एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा फिरवू शकते.

यावर सिगारेट, बिडी, चुलीचा धूर. धूम्रपान करणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न करणाऱ्याच्या १५ ते ३० पट असतो. १.२ चा परिणाम मोजताना दोन गटांत बिडी ओढण्याची वर्षं जराशी जरी वेगळी असली, तरी तो फरक जनुकाच्या खात्यावर जमा होतो. अनेक अभ्यासांत ‘धूम्रपान : होय/नाही’ एवढंच विचारलेलं असतं. दिवसाला दोन ओढणारा आणि चाळीस ओढणारा एकाच रकान्यात.

आधी झालेले अभ्यास एकत्र करून काही संशोधकांनी बीएसएम-वन आणि टॅक-वन यांचा थोडा संबंध दाखवला आहे. त्यांना खोटं म्हणायचं कारण नाही. पण लहान अभ्यासांची बेरीज करताना एक गोष्ट राहून जाते : ज्यांना संबंध सापडला नाही, त्यांतल्या अनेकांनी निबंध छापायलाच पाठवला नाही. बेरजेत ते नसतात.

हे सगळं व्हीडीआरच्या बाबतीत आधी एकदा घडून गेलं आहे, हाडांच्या बाबतीत. १९९४ साली ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातून एक निबंध आला : हाडांच्या घनतेवर वारशाचा जो प्रभाव असतो, त्यातला ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा व्हीडीआरच्या याच रूपभेदांचा. जगभर खळबळ उडाली आणि चाचण्या सुरू झाल्या. १९९७ साली त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली. काही नमुन्यांचं जनुकवाचन चुकलं होतं, आणि दुरुस्त केल्यावर परिणाम पुष्कळ लहान झाला. २००६ मध्ये युरोपातल्या २६,२४२ लोकांचे नमुने एकत्र तपासले, तेव्हा फॉक-वन, बीएसएम-वन, एपीए-वन, टॅक-वन या चौघांचाही हाडांच्या घनतेशी किंवा फ्रॅक्चरशी संबंध आढळला नाही. हाडं तर ड जीवनसत्त्वाचं हक्काचं घर. तिथे ही गत, मग फुप्फुसाबद्दल किती सावध राहायला हवं याचा विचार करा.

२००८ पासून फुप्फुसाच्या कर्करोगावर संपूर्ण जनुकसंच चाळणारे मोठे अभ्यास सुरू झाले. त्यांत एखाद्या जनुकावर आधीपासून नजर ठेवलेली नसते. लाखो ठिकाणं तपासतात, आणि योगायोगाने असं दिसण्याची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असेल तरच संबंध मानतात. सगळ्यांत ठळक सापडलं ते पंधराव्या गुणसूत्रावरचं ठिकाण, जिथे निकोटीन ओळखणाऱ्या रिसेप्टरची जनुकं आहेत. एका प्रतीमागे धोका सुमारे १.३ पट, आणि त्याचाही बराच भाग असा की हा रूपभेद असलेले लोक सिगारेट ओढायला लागले की जास्त ओढतात. पाचव्या गुणसूत्रावर, गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टर्ट जनुकापाशी, दुसरं सापडलं. ठळक निघालेल्या ठिकाणांत व्हीडीआर नव्हता.

मग ड जीवनसत्त्व तरी?

अनेकांना वाटतं, जनुक राहू द्या, आपण ड जीवनसत्त्व भरपूर घेऊ. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्यांच्या रक्तात ते कमी आढळतं हे खरं. पण आजारी माणूस घरात असतो, ऊन लागत नाही, जेवण जात नाही. कमतरता आधी की आजार आधी, हे एका रक्ततपासणीवरून ठरत नाही. यातून मार्ग काढायला, जन्मतःच ज्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी थोडी कमी राहते अशा जनुकांच्या लोकांना कर्करोग जास्त होतो का, हे २०१७ मध्ये सात कर्करोगांसाठी पाहिलं गेलं. त्यांत फुप्फुसाचाही होता. ठोस पुरावा मिळाला नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांना, निम्म्यांना रोज २००० युनिट डी-३ आणि निम्म्यांना नुसती गोळी देऊन सरासरी पाच वर्षांहून थोडा जास्त काळ पाहिलं. कर्करोग होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

आता ते अ जीवनसत्त्व. शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं त्या, भाज्यांतल्या बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल असं १९८० च्या दशकात पुष्कळांना वाटत होतं, कारण ते आहारातून जास्त घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसत होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात २८ टक्क्यांनी, आणि तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. आजही धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत असं सांगतात, ते यामुळे. ड जीवनसत्त्वाने असं नुकसान होतं असं कोणी दाखवलेलं नाही. पण जीवनसत्त्व म्हणजे निर्धोक, ही समजूत या प्रयोगांनंतर टिकत नाही.

कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. तपासणी २५-हायड्रॉक्सीचीच करायची. १,२५ ची केली तर कमतरता असूनही ती नॉर्मल किंवा वाढलेली येऊ शकते, कारण शरीर उरलेलं सगळं वापरात आणत असतं. अहवाल नॅनोग्रॅममध्ये असेल तर २० च्या खाली कमतरता मानतात. नॅनोमोलमध्ये असेल तर तोच आकडा ५० असतो, अडीचने गुणायचं. ५० पाहून ‘खूप आहे’ असं समजणारे आणि २० पाहून घाबरणारे, दोघांचीही गल्लत एककाची असते. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक अशी ६ ते ८ आठवडे देतात. चुकतं ते पुढे. आठ आठवडे संपले तरी पुडी चालूच राहते, कधी गैरसमजाने रोज घेतली जाते. कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत प्रकरण जातं. ज्यांना क्षयरोग किंवा सार्कॉइडोसिस आहे, त्यांच्या फुप्फुसातल्या गाठींमधल्या पेशी स्वतःच बेहिशेबी कॅल्सिट्रायॉल तयार करत असतात. त्यांना मोठी मात्रा कॅल्शियम तपासल्याशिवाय देऊ नये. आणि व्हीडीआरचा रूपभेद पाहून मात्रा बदलण्याला आज काही आधार नाही.

ज्या चाचणीने उपचार बदलतो

घरात फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं असेल, तर ‘जीन टेस्ट’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी कानावर पडतो. लाळेतून पाहतात तो व्हीडीआर जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे आणि त्याने उपचार बदलत नाही. गाठीच्या तुकड्यातून पाहतात ते ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन हे बदल फक्त गाठीत झालेले असतात, पुढच्या पिढीला सहसा जात नाहीत, आणि त्यांवरून केमोथेरपीऐवजी गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारखी गोळी द्यायची का हे ठरतं. विशेषतः अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) असेल, रुग्णाने कधी विडी-सिगारेट ओढलेली नसेल, तर ही चाचणी राहून जाता कामा नये. पैसे मोजके असतील, तर ते सगळे इकडे लावावेत.

या चाचणीत अडतं ते बहुतेक वेळा ऊतकापाशी. सुईने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. तो १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहावा. शुक्रवारी काढलेला नमुना लांबच्या सुट्टीत तसाच पडून राहिला, तर डीएनए तुटतो आणि अहवाल ‘नमुना अपुरा’ असा येतो. मग तो पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करतात, आणि निदानासाठी त्याचे एकामागून एक पातळ काप घेतले जातात. काही वेळा निदान होईपर्यंत ब्लॉक संपलेला असतो. म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं की जनुकचाचणीसाठी काप राखून ठेवणार का. दुसऱ्या रुग्णालयात जाताना स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्यावा. कागदी अहवाल नेला आणि ब्लॉक जुन्या प्रयोगशाळेत राहिला, तर पुन्हा सुई टोचावी लागते. ब्लॉक तरीही संपला असेल, तर रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएवर ईजीएफआर पाहता येतो. तो सापडला तर उपचार सुरू करता येतात, पण नाही सापडला म्हणजे गाठीत नाहीच असं नव्हे. अशा वेळी पुन्हा ऊतक काढून पाहावं लागतं.

आणि घरातल्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्या अहवालात तो लाल ठिपका आला आहे : रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं, हा हिशोब करा. दिवसाला १० सिगारेटी ४० वर्षं म्हणजे २० पॅक-वर्षं. अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या, २० पॅक-वर्षं झालेल्या आणि सोडून १५ वर्षं न झालेल्यांना दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन सुचवतात. ५३,४५४ लोकांवरच्या चाचणीत साध्या एक्स-रेच्या तुलनेत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. भारतात जुन्या क्षयरोगाचे व्रण स्कॅनवर गाठीसारखे दिसतात आणि विनाकारण बायोप्सी होऊ शकते, म्हणून इथे तो छातीरोगतज्ज्ञाशी बोलून, जुने एक्स-रे सोबत नेऊनच करावा. जुनी फिल्म फेकू नका. दहा वर्षांपूर्वीही तोच डाग तिथेच आणि तेवढाच होता, एवढं दिसलं तरी सुई टळते. आणि सिगारेट, बिडी अजून चालू असेल, तर सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे : १८००-११-२३५६. सोडल्यावर दहा वर्षांत धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर येतो.